सर्पगंधेचं मूळ आणि रिकाम्या पुटिका

12 एप्रिल 1945 च्या दुपारी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे एका चित्रकर्तीसमोर बसले होते. डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय, एवढं म्हणाले आणि खुर्चीतच कोसळले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तेव्हा तो होता 300 वर 190. मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही तासांतच ते गेले. त्यांचा रक्तदाब चढलेला आहे हे आधीच कळलेलं होतं. वर्षभर एक हृदयरोगतज्ज्ञ त्याच्या नोंदी ठेवत होता. पण उपचार काय, तर मीठ कमी करा, विश्रांती घ्या, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि झोपेसाठी गोळी. ज्या माणसाच्या हाताशी जगातली सगळी साधनं होती, त्यालाही द्यायला रक्तदाब उतरवणारं एकसुद्धा भरवशाचं औषध तेव्हा नव्हतं.

एक शस्त्रक्रिया मात्र होती. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चेतातंतूंच्या गाठींची एक-एक माळ असते. तिथून निघालेले तंतू हृदयाला, आतड्यांना, घामाच्या ग्रंथींना आणि शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना जाऊन पोचतात. हा अनुकंपी चेतासंस्थेचा भाग. हे तंतू जागे झाले की रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आकसतात, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. म्हणून बॉस्टनचे रेजिनाल्ड स्मिथविक यांच्यासारखे शल्यविशारद पाठ उघडून या माळा कापून काढत. काहींचा रक्तदाब खरोखर उतरे, पण त्याची किंमत मोठी असे. असा रुग्ण पलंगावरून झटकन उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायचा, कारण उभं राहताना पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेणारी यंत्रणाच कापली गेलेली असे.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण चार वर्षांनी मुंबईत जे घडलं त्याचा अर्थ इथूनच लागतो.

1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख आला. रक्तदाबाच्या 50 रुग्णांना त्यांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि आठवड्यागणिक दाब मोजून लिहून ठेवला होता. बहुतेकांचा दाब उतरला. तो एकदम कोसळला नाही, हळूहळू उतरला, आणि गोळ्या थांबवल्यावरही काही काळ उतरलेलाच राहिला. सर्पगंधा डॉ. वकिलांनी शोधली नव्हती, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. वैद्य ती वापरत होतेच. बिहारात तर ती वेडावरचं औषध म्हणून बाजारात राजरोस मिळे. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते असा लेखही लिहिला होता. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून काही अल्कलॉइड वेगळी काढली. मुंबईच्या लेखाची भर होती ती मोजमापाची, आणि जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचतात अशा ठिकाणी ते छापून आलं याची. औषध शतकानुशतकं माहीत असणं वेगळं आणि किती मात्रेनं, कितव्या आठवड्यात, किती दाब उतरतो हे ठाऊक असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला आपल्याकडे फार कमी मान मिळतो याचं मला वाईट वाटतं. डॉ. वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आज मुंबईतल्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक असेल?

लेख वाचून बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हेच मूळ मागवून वापरून पाहिलं. दाब उतरलाच, पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. रुग्णांची चिडचिड, घालमेल, जिवाला लागलेली हुरहुर कमी झाली होती. 1952 मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य शुद्ध करून काढलं, ते रेसर्पिन. दोन वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते तिथल्या रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ओरडणारी, भिंतीवर डोकं आपटणारी माणसं शांत बसू लागली, त्यांच्याशी बोलणं शक्य झालं. या रुग्णालयाबद्दल एक गोष्ट सांगतात: बदल आधी कुणाच्या ध्यानात आला असेल तर तो खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराच्या, कारण फुटणाऱ्या काचा कमी झाल्या होत्या.

आता प्रश्न असा, की एकाच मुळानं रक्तवाहिनी सैल पडावी आणि मनाचा क्षोभही निवावा, असं रक्तवाहिनीत आणि मनात सारखं आहे तरी काय?

उत्तर दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य एकमेकींना चिकटलेल्या नसतात. पेशीतून संदेश विजेच्या स्वरूपात धावतो: तिच्या आवरणातली सोडियमची दारं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमानं उघडत-मिटत जातात. सर्वांत जाड तंतूंत हा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो, तर ठणकणारं दुखणं वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंत तो सेकंदाला एखाद-दोन मीटरवर येतो. पण तंतूच्या टोकाशी वीज थांबते. पुढे सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याएवढी. ती ओलांडायचं काम रसायनं करतात. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पुटिका असतात, एकेका पुटिकेत त्या रसायनाचे हजारो रेणू भरलेले. विजेची लाट टोकाशी पोचली की कॅल्शियम आत शिरतं, काही पुटिका आवरणाला जाऊन भिडतात, फुटतात आणि आतला माल फटीत सांडतो. पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठी घडलेली प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. रेणू ग्राहीवर बसला की पलीकडे काहीतरी सुरू होतं किंवा थांबतं. मग मोकळे रेणू परत ओढून घेतले जातात किंवा मोडले जातात, आणि फट पुढच्या खेपेसाठी रिकामी होते.

हे काम रसायन करतं हे पहिल्यांदा दाखवलं ते ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे ओटो लोवी यांनी, 1921 मध्ये, बेडकाच्या दोन हृदयांवर. एका हृदयाची व्हेगस चेता चेतवून त्यांनी त्याची गती मंदावली, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि कोणतीही चेता न जोडलेलं ते दुसरं हृदयही मंदावलं. ते द्रव्य म्हणजे असिटिलकोलिन. हेच असिटिलकोलिन आपल्या हातापायांच्या स्नायूंवर पडलं की स्नायू आकुंचन पावतो. म्हणजे एकीकडे ते हृदयाला आवर घालतं आणि दुसरीकडे दंडाला कामाला लावतं. रसायन तेच, पण ग्राही वेगळे. या प्रकरणात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहावं: संदेशवाहक रसायनात ‘शांत हो’ किंवा ‘धाव’ असा कोणताही हुकूम लिहिलेला नसतो. तो ठरतो ते कुठे, किती आणि कोणत्या ग्राहीवर पडलं त्यावर. अनुकंपी तंतूंच्या टोकांतून सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन अल्फा ग्राहींवर बसून रक्तवाहिन्या आवळतं आणि बीटा ग्राहींवर बसून हृदयाचे ठोके वाढवतं, अशी विभागणी अमेरिकेतले रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये मांडली; रक्तदाबाची पुढची कितीतरी औषधं त्या विभागणीतून आली.

रेसर्पिननं माणसाच्या शरीरात काय-काय होतं याची यादी आता निराळी दिसू लागते. दाब उतरतो, नाडी मंदावते, नाक चोंदतं, पोटात मुरडा येऊन शौचाला सैल होतं. नाकाच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अनुकंपी तंतू ते सतत थोडं आवळून धरतात; ती पकड सुटली की अस्तर फुगतं. स्मिथविक यांनी चाकूनं जे कापलं होतं, तेच गोळीनं कुठेही न कापता गप्प केलं होतं. पण गोळी मेंदूतही पोचते, आणि तिथे तिनं केलेल्या गोष्टी सगळ्याच चांगल्या नव्हत्या. मोठ्या मात्रेवर असलेले काही रुग्ण ताठर झाले. चेहरा निर्विकार, चालताना पाय घासत, हातांना कंप. काही इतके खिन्न झाले की जगणं नको म्हणू लागले.

1955 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला दिसलं, की रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन जवळजवळ नाहीसं होतं. वागण्यावर परिणाम करणारं औषध मेंदूतल्या एका ठरावीक रसायनाचं प्रमाण बदलतं याचा तो पहिला ठळक पुरावा होता. त्या काळात स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले तरुण औषधशास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन तिथे काही महिने शिकायला आले होते. रेसर्पिन सेरोटोनिनच नव्हे, नॉरअ‍ॅड्रेनालिनचाही साठा संपवत असेल, ते तपासूया, असं त्यांनी सुचवलं. ब्रोडींना त्यात फारसा अर्थ दिसला नाही. कार्लसन लुंडला परतले आणि त्यांनी ते स्वतः तपासलं. अधिवृक्क ग्रंथीतून, हृदयातून, मेंदूतून, सगळीकडून नॉरअ‍ॅड्रेनालिनसुद्धा गेलेलं होतं.

हे कसं घडतं ते आज आपल्याला रेणूंच्या पातळीवर माहीत आहे. पुटिकेच्या आवरणात एक पंपासारखं प्रथिन असतं. पेशीच्या द्रवातून ते डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन उचलून पुटिकेत भरतं. रेसर्पिन या पंपाला इतकं घट्ट चिकटतं की पंप कायमचा बंद पडतो. बाजार समितीच्या गोदामाला कुणी बाहेरून कुलूप घालावं आणि रोज येणारा भाजीपाला आवारातच पडून राहावा, तसं होतं. पेशी माल तयार करतच असते, पण उघड्यावर पडलेला माल तिथलंच मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर मोडून टाकतं. मग विजेची लाट नेहमीसारखी येते, पुटिका नेहमीसारखी फुटते आणि फटीत काहीच पडत नाही. सर्पगंधेचा परिणाम हळूहळू का चढतो आणि गोळी थांबवल्यावरही का टिकतो, याचं उत्तर यातच आलं. आधीचा साठा संपायला वेळ लागतो, आणि नंतर नव्या, चांगल्या पंपांच्या पुटिका पेशीच्या मध्यापासून तंतूच्या टोकापर्यंत यायला आणखी वेळ लागतो.

1957 चा प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले, कान खाली लोळत, डोळे अर्धमिटले. मग त्यांना एल-डोपा टोचलं. हा नॉरअ‍ॅड्रेनालिन तयार करण्याच्या साखळीतला कच्चा माल. आपल्या डाळ-दुधातल्या प्रथिनांतून टायरोसिन मिळतं, टायरोसिनपासून एल-डोपा, त्यापासून डोपामाइन, त्यापासून नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनालिन. पंधरा-वीस मिनिटांत सशांचे कान उभे राहिले, ससे इकडेतिकडे पाहू लागले, उड्या मारू लागले. आता मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन परत आलं असणार असं कुणीही म्हटलं असतं. त्यांनी मोजलं, ते आलेलंच नव्हतं. वाढलं होतं ते त्याच्या आधीच्या पायरीवरचं डोपामाइन. तोवर डोपामाइनला नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या वाटेवरचा एक टप्पा म्हणून सोडून दिलं जात होतं. ते स्वतः एक संदेशवाहक आहे, आणि हालचाल सुरू करायला तेच लागतं, हे त्या सशांनी दाखवलं. पाठोपाठ लुंडच्याच प्रयोगशाळेत दिसलं, की मेंदूतलं बरंचसं डोपामाइन हालचालींशी निगडित असलेल्या स्ट्रायटम या भागात एकवटलेलं असतं. रेसर्पिननं माणसं का ताठरतात आणि त्यांचं रूप पार्किन्सनच्या, म्हणजे आपण कंपवात म्हणतो त्या रुग्णांसारखं का होतं, हे आता कळलं.

1960 मध्ये लंडनमधल्या परिषदेत कार्लसन यांनी हे मांडलं तेव्हा ज्येष्ठांनी ते मानलं नाही. हेन्री डेल तिथे होते. लोवींबरोबर 1936 चं नोबेल मिळालेले, शरीरातल्या चेता रसायनांतून बोलतात हे सिद्ध करणाऱ्यांतले अग्रणी. पण मेंदूचा कारभारही रसायनांवर चालतो हे स्वीकारायला त्या पिढीचं मन धजावत नव्हतं. मेंदू म्हणजे वीज, अशी पक्की समजूत होती.

त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर मृत रुग्णांचे मेंदू तपासत होते. निरोगी माणसाच्या स्ट्रायटमच्या अर्कात रसायन मिसळलं की नळीत गुलाबी रंग येई, तो डोपामाइनचा. पार्किन्सनच्या रुग्णाच्या नळीत रंग जवळजवळ आलाच नाही. कोणतंही उपकरण न लावता, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तो फरक होता. मेंदूच्या एखाद्या आजाराचं मूळ एका ठरावीक रसायनाच्या तुटवड्यात आहे, हे इतकं स्वच्छ पूर्वी कधीच दिसलं नव्हतं. 1961 मध्ये वाल्टर बिर्कमायर यांच्या रुग्णांना एल-डोपा टोचलं. अंथरुणात उठून बसता न येणारी माणसं उठली, उभी राहिली, चालली. परिणाम काही तासच टिकला. पुढे 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवत नेली आणि तोंडानं घेण्याचा उपचार बसवला. डोपामाइनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना जी गाळणी लागते ती डोपामाइनला अडवते आणि एल-डोपाला सोडते.

इथे कोकणातल्या वाचकाच्या ओळखीची एक वेल येते. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की काय होतं ते सांगायला नको. तिच्या बियांत शेकडा चार ते सहा भाग एल-डोपा असतं. ते 1937 मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढून प्रसिद्ध केलं होतं. आयुर्वेदातही कंपवातासाठी ही बी वापरलेली आहे. म्हणजे सर्पगंधा साठा रिकामा करते आणि खाजकुयली तो भरायला माल पुरवते, आणि दोन्ही याच मातीतल्या. तरीही कुणी घरी बिया कुटून देऊ नयेत, असं मी कळकळीनं सांगेन. बियांतलं प्रमाण झाडागणिक बदलतं, आणि या आजारात अर्ध्या गोळीच्या फरकानं माणूस चालता होतो किंवा त्याचे हातपाय अनावर वळवळू लागतात.

पार्किन्सनच्या घरात जी वाक्यं बोलली जातात ती माझ्या मनातून जात नाहीत. ‘बाबा मुद्दाम हळू जेवतात.’ ‘आई हल्ली हसतच नाही, काहीतरी राग धरून बसलीय.’ मधल्या मेंदूतल्या काही लाख पेशी डोपामाइन बनवतात. 86 अब्जांतल्या केवळ काही लाख. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेल्या की घास उचलणं, वळणं, हसणं मंदावतं. हसण्याची इच्छा जागी असते आणि चेहऱ्याचे स्नायूही धड असतात. मधला दुवा गेलेला असतो, आणि त्याबद्दल रुग्णाला बोलणी खावी लागतात.

खिन्नतेची गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. रेसर्पिननं साठा रिकामा झाला की काहींना नैराश्य येतं. उलट क्षयावरचं इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात उल्हसित झालेले दिसले, आणि ते औषध तर मोनोअमाइन ऑक्सिडेजला अडवून साठा वाढवणारं. दोन्ही जुळवून 1965 च्या सुमारास सिद्धान्त तयार झाला, की नैराश्य म्हणजे या रसायनांची कमतरता. तो इतका सुटसुटीत होता की औषधांच्या जाहिरातींतून घराघरांत गेला. पण रेसर्पिनचे जुने अहवाल पुन्हा तपासले तेव्हा त्यातल्या बऱ्याच रुग्णांना आधीपासून तसा त्रास असल्याचं आढळलं. आजची नैराश्यावरची औषधं सेरोटोनिनचं परत ओढलं जाणं काही तासांत रोखतात, मन मात्र काही आठवड्यांनी सावरतं. नुसती कमतरता भरून काढायची असती तर एवढा उशीर लागला नसता. 2022 मध्ये जुन्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला गेला, तेव्हाही सेरोटोनिनच्या कमतरतेनं नैराश्य येतं याला सातत्यानं पुरावा सापडला नाही. यावरून औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. अनेकांना ती उभं करतात, आणि ती मनानं एकदम थांबवणं धोक्याचं आहे. एवढंच की ती का उपयोगी पडतात याचं ‘रसायन कमी झालं’ हे उत्तर फार तोकडं आहे.

साठा एकाएकी बाहेर सांडला तर काय होतं, ते कोकणातल्या डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं चेतातंतूंची सोडियमची दारं मिटू देत नाहीत. तंतू पुन्हापुन्हा चेतत राहतात आणि टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन, अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रेनालिन रक्तात ओतलं जातं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, चढलेला दाब, मग थकून गेलेलं हृदय आणि फुप्फुसांत पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडी, पोलादपूर, महाड भागात रुग्णांच्या उशाशी रात्री काढून हा क्रम टिपला आणि ओळखलं, की ही विषाची नव्हे, आपल्याच संदेशवाहकांची अतिरेकी मात्रा आहे. म्हणून त्यांनी अल्फा ग्राही अडवणारं प्राझोसिन दिलं. रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. 1986 मध्ये त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गंभीर रुग्णांत पूर्वी 100 पैकी 25 ते 30 दगावत. तो आकडा 2-3 वर आला. रुग्ण सावरू लागल्याची खूण म्हणून ते हातापायांना स्पर्श करून बघत: ऊब परत आली का?

हेच प्राझोसिन अमेरिकेत मरे रास्किंड यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांना भीषण स्वप्नांसाठी दिलं. तर्क तोच: मेंदूत रात्री नॉरअ‍ॅड्रेनालिनचा जोर, त्याला आवर. सुरुवातीच्या लहान चाचण्यांत गुण दिसला, पण 2018 मध्ये 304 माजी सैनिकांच्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीवरून मनाचा हिशेब करायला गेलं की कधी तो जुळतो, कधी नाही. मनात एका रसायनाच्या मागे इतर अनेक पेशी आणि माणसाचं सगळं भोगलेलं आयुष्य असतं.

म्हणूनच ‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे मोबाइलवर फिरणारं वाक्य मला सतावतं. 1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींचा आवाज ऐकला. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात चेतायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, मग त्या दिवा लागताच चेतू लागल्या आणि रस मिळाल्यावर गप्प राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा नेहमीचा आवाजही खाली गेला. त्या सुख मोजत नव्हत्या. अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, हे त्या कळवत होत्या, आणि त्यावरून प्राणी पुढे काय करायचं ते शिकत होता.

याचा सर्वांत थेट पुरावा पुन्हा पार्किन्सनच्या रुग्णांनीच दिला. प्रामिपेक्सोलसारखी काही औषधं डोपामाइनच्या ग्राहींवर स्वतःच जाऊन बसतात. 2000 नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की ही औषधं घेणारी, आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारी काही माणसं जुगार खेळू लागली आहेत, गरज नसताना खरेदी करत सुटली आहेत, रात्री उठून खात आहेत. त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. हालचालीसाठी दिलेली मात्रा मेंदूच्या त्या दुसऱ्या भागाला, जिथे ‘पुन्हा करून बघू’ ठरतं, जास्त होत होती. त्यातले कितीतरी जण लाजेनं घरात बोलले नाहीत, आणि औषधाचा संबंध कुणी सांगितला नाही म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले.

आता चांगल्या चेताविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला रुग्णाला: गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेता ना? कारण डाळ-दूध-मटणातली अमिनो आम्लं आणि एल-डोपा मेंदूत शिरायला एकच वाट वापरतात, आणि भरपेट जेवणानंतर गोळी मागे पडते. दुसरा प्रश्न सोबत आलेल्या मुलाला किंवा पत्नीला, आणि तो रुग्णासमोरच, म्हणजे कुणाला चोरी केल्यासारखं वाटू नये: मोबाइलवर पैशांचे खेळ, लॉटरी, खरेदी, यातलं काही गेल्या काही महिन्यांत वाढलंय का? उत्तर ‘हो’ आलं तर औषध एकदम बंद करत नाहीत. मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवतात, एल-डोपाची थोडी वाढवतात, घरातले व्यवहार तोवर दुसऱ्या कुणाकडे सोपवायला सांगतात. बहुतेकांची ती ओढ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते.